वायर तुटली तर काय? जुनी मिल सीएनसी करताना होम आणि लिमिट स्विच कसे जोडावेत

रेट्रोफिटच्या, म्हणजे जुनं मशीन संगणकाच्या आज्ञेवर चालणारं (सीएनसी) करण्याच्या कोटेशनमध्ये सर्वो मोटार, ड्राइव्ह, बॉलस्क्रू, कंट्रोलर अशा मोठ्या रकमांच्या ओळी संपल्या की तळाला एक ओळ असते: 'स्विच व वायरिंग'. रक्कम सगळ्यांत कमी, आणि वेळही तिच्या वाट्याला सगळ्यांत कमी. मशीन सोमवारी चालू करून द्यायचं कबूल केलेलं असतं. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी पेटीतून सहा प्रॉक्झी, म्हणजे न टेकता धातू ओळखणारे सेन्सर, काढतो. तपकिरी प्लसला, निळी मायनसला, काळी इनपुटला. समोर पट्टी पाना धरला, दिवा लागला, झालं काम.

दिवा लागला म्हणजे स्विच चालतो, एवढंच कळलं. तो ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी मशीन काय करेल, हे कोणी पाहिलेलंच नसतं. होम आणि लिमिटच्या वायरिंगचं सगळं शहाणपण या दुसऱ्या प्रश्नात आहे. उघडा की बंद संपर्क, पीएनपी की एनपीएन, ५ व्होल्ट की २४, मालिकेत जोडायचे की वेगवेगळे, या प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारला तर उत्तर बहुतेक आपोआप मिळतं.

बोलण्यापुरतं एक मशीन डोळ्यांसमोर ठेवू. भोसरी, शिरोली, सातपूर, कुठल्याही शेडमध्ये सापडेल अशी जुनी नी-टाइप मिल, एचएमटी किंवा बीएफडब्ल्यूची. हँडव्हील काढून तिन्ही अॅक्सिसला सर्वो बसवलेत. एक्सला ५ मिमी पिचचा (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारा) बॉलस्क्रू, मोटार थेट जोडलेली. रॅपिड, म्हणजे न कापता धावण्याचा वेग, ६ मीटर प्रति मिनिट.

दोन स्विच, दोन वेगळ्या नोकऱ्या

मशीन चालू केल्यावर टेबल कुठे उभं आहे हे कंट्रोलरला माहीत नसतं. मोटारीवरचा इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त 'किती सरकलो' ते मोजतो. वीज गेली की तो हिशेब पुसला जातो. म्हणून रोज सकाळी टेबलाला एका ठरावीक जागी नेऊन 'ही तुझी जागा' असं सांगावं लागतं. शेडमध्ये याला कोणी होम मारणे म्हणतं, कोणी रेफरन्स घेणे. ती जागा ओळखणारा तो होम स्विच. त्याच्याकडून एकच अपेक्षा: रोज तीच जागा दाखव. ती जागा नेमकी कुठे आहे याला फारसं महत्त्व नाही. आज दाखवली तीच उद्या, तीच कूलंट तापल्यावर, तीच पावसाळ्यात.

लिमिट स्विचची नोकरी रखवालदाराची. टेबल हद्दीबाहेर चाललं तर ओरडायचं. तो मिलीमीटरभर अलीकडे-पलीकडे ओरडला तरी चालतं. पण वर्षभर त्याला कोणी हात लावत नाही, आणि वर्षातून एकदा गरज पडते तेव्हा त्याने ओरडलंच पाहिजे. होमला अचूकता लागते, लिमिटला खात्री लागते. एकच स्विच दोन्ही कामांना लावता येतो, लाकूड कापणाऱ्या छोट्या राउटरवर लोक लावतातही. मिलवर मला ते पटत नाही. ज्या स्विचवर रोज सकाळी मुद्दाम जाऊन आदळायचं, त्याच स्विचला 'इथे आलास तर धोका' असं म्हणायला लावलं की सॉफ्टवेअरला होमिंगपुरतं त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवावं लागतं. लिनक्ससीएनसी या कंट्रोल सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी सेटिंगच आहे. आणि नेमक्या त्या दुर्लक्षाच्या वेळात होमिंगची दिशा उलटी भरलेली असेल तर रखवालदार झोपलेला असतो.

तिसरी हद्द सॉफ्टवेअरमधली. सॉफ्ट लिमिट म्हणजे नुसते आकडे: एक्स ० ते ४००, त्यापलीकडे जाणारी आज्ञाच घ्यायची नाही. फानुक कंट्रोलरच्या ०आय मालिकेवर काम केलेल्या ऑपरेटरला ५०० आणि ५०१ हे अलार्म तोंडपाठ असतात, ते सॉफ्ट हद्दीचे. ५०६ आणि ५०७ आला तर खरा स्विच दाबला गेलाय. सॉफ्ट लिमिट स्वस्त आणि मस्त, पण होम घेतल्याशिवाय त्या आकड्यांना काही अर्थ नसतो. होमच चुकलं तर हद्दही तेवढीच चुकते. म्हणून टेबलाच्या वाटेवर आतून बाहेर जाताना आधी सॉफ्ट लिमिट, मग हार्ड लिमिट, मग लोखंडी किंवा रबरी अटकाव, अशी तीन दारं लागतात.

हार्ड लिमिट आणि अटकाव यांत किती अंतर ठेवायचं? इथे बरेच जण डोळ्याने मोजतात. हिशेब शाळेतला आहे: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ६ मीटर प्रति मिनिट म्हणजे सेकंदाला १०० मिमी. मंदावण्याचा दर सेकंदाला ५०० मिमी प्रति सेकंद धरला तर १०० गुणिले १००, भागिले १०००, म्हणजे १० मिमी. स्विच दाबल्यानंतर टेबल अजून १० मिमी जाणार. रॅपिड १० मीटर केलं तर तेच अंतर जवळजवळ २८ मिमी होतं, कारण वेगाचा वर्ग होतो.

याच हिशेबाला जोडून डॉगची लांबी येते, आणि ती मी बऱ्याच मशीनवर चुकलेली पाहिली आहे. डॉग म्हणजे टेबलाला बसवलेली, स्विच दाबणारी ती पट्टी. थांबायला १० मिमी लागतात आणि डॉग ८ मिमीचा असेल, तर टेबल थांबेपर्यंत डॉग स्विच ओलांडून पलीकडे गेलेला असतो. स्विच पुन्हा मोकळा. कंट्रोलर म्हणतो सगळं ठीक आहे. आता ऑपरेटरने अलार्म पुसून त्याच दिशेला जॉग केलं (बटणाने टेबल सरकवलं) तर अडवायला कोणी नाही. होमलाही तेच लागू. टेबल होमच्या पलीकडे उभं असताना मशीन चालू झालं आणि स्विच दाबलेला नसेल, तर कंट्रोलर 'होम पुढे आहे' समजून स्विचपासून दूर, अटकावाकडेच धावतो. डॉग एवढा लांब हवा की स्विचपासून शेवटच्या अटकावापर्यंत तो स्विच दाबलेलाच राहील.

बंद संपर्क आणि तारका

आता मूळ मुद्दा. नॉर्मली ओपन स्विच सगळं ठीक असताना गप्प असतो आणि धोका आला की बोलतो. नॉर्मली क्लोज्ड स्विच सगळं ठीक असताना सतत 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहतो आणि धोका आला की गप्प होतो. ऐकायला दोन्ही सारखेच. पण ड्रॅग चेनमध्ये दोन वर्षं वाकून वायर आतून तुटली की पहिला कायमचा गप्प, आणि ते कोणाला कळत नाही. दुसऱ्याची वायर तुटली की 'ठीक आहे' थांबतं, मशीन त्याच क्षणी उभं राहतं आणि फिटरला फोन जातो. फोन गेलेला परवडतो. म्हणून लिमिटला नॉर्मली क्लोज्ड, यात चर्चेला जागा नाही. होमलाही तेच करा, कारण मेलेल्या होम स्विचकडे धावणारं टेबल थेट लिमिटवर जाऊन बसतं.

फानुकच्या जुन्या सर्किट ड्रॉइंगमध्ये इमर्जन्सी, ओव्हरट्रॅव्हल आणि होमच्या डॉगचे सिग्नल शोधले तर त्यांच्या नावाआधी एक तारका दिसते. सिग्नल शून्य झाला की तो लागू झाला, हा त्या तारकेचा अर्थ. वीज नाही म्हणजे धोका, असं त्यांनी सिग्नलच्या नावातच लिहून ठेवलंय. रेट्रोफिट करताना आपण जुनं पॅनल उचकटून फेकतो, त्यासोबत ती तारका फेकली जाऊ नये.

ही झाली तुटलेल्या वायरची गोष्ट. घासून सोललेल्या वायरची गोष्ट वेगळी आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. चिप्सनी केबल कुरतडली, आतली सिग्नलची वायर मशीनच्या बेडला टेकली. बेड अर्थ केलेला. पॅनलमधल्या २४ व्होल्ट एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) मायनसही एका ठिकाणी अर्थला जोडलेला असतो, असलाच पाहिजे. म्हणजे ती वायर आता शून्य व्होल्टला बांधली गेली.

आता दोन प्रकारे जोडणी असू शकते. एक: प्लस २४ स्विचमधून जाऊन इनपुटला पोचतो, आणि २४ म्हणजे 'ठीक आहे'. वायर बेडला टेकली की इनपुटवर शून्य, मशीन थांबलं, वर फ्यूजही उडाला. दोन: इनपुट बोर्डवरच प्लसकडे वर खेचलेला आहे आणि स्विच त्याला शून्याला ओढतो, शून्य म्हणजे 'ठीक आहे'. आता वायर बेडला टेकली की बोर्डाला कायम 'ठीक आहे' दिसणार. स्विच उघडो, तुटो, उखडून खाली पडो. संपर्क नॉर्मली क्लोज्ड निवडूनही फसगत झाली, कारण स्विच चुकीच्या बाजूला बसला. जिथे निवड आपल्या हातात आहे तिथे स्विच प्लसच्या बाजूला घ्या.

आणि मायनस अर्थला न जोडता तरंगता ठेवला तर? पहिली वायर बेडला टेकते तेव्हा काहीच होत नाही. सगळे खूश. काही महिन्यांनी दुसरी टेकते, आणि दोन टेकलेल्या वायरींमधला स्विच वगळलाच जातो. एका जागी अर्थ करण्याचा आग्रह त्यासाठी आहे.

नळ आणि मोरी

प्रॉक्झी घेतला की पीएनपी-एनपीएनचा घोळ येतोच. सोपं करून सांगतो. पीएनपी सेन्सर म्हणजे नळ: चालू झाला की काळ्या वायरीतून २४ व्होल्ट सोडतो. एनपीएन म्हणजे मोरी: चालू झाला की काळ्या वायरीतलं असेल ते शून्याला ओढून नेतो. बोर्डाचा इनपुट नळाची वाट पाहणारा असेल तर त्याला मोरी जोडून उपयोग नाही, आणि उलटही. वर सांगितलेला घासलेल्या वायरीचा हिशेब लावला तर नॉर्मली क्लोज्ड पीएनपी हे सर्वांत भरवशाचं. मेसा कंपनीच्या ७आय७६ सारख्या सीएनसी कार्डांचे २४ व्होल्टचे इनपुट नळवालेच आहेत.

स्वस्त किटमध्ये मात्र बहुधा एनपीएन, नॉर्मली ओपन सेन्सर येतात. म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्या. उदाहरणाला बाजारात सगळीकडे मिळणारा निळ्या तोंडाचा एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स घ्या. नावातले १२ म्हणजे १२ मिमी व्यास, पुढचा ४ म्हणजे ४ मिमी अंतरावरून ओळखतो. सगळ्यांत महत्त्वाची शेवटची दोन अक्षरं. बीएक्स म्हणजे एनपीएन, उघडा. बीवाय म्हणजे पीएनपी, उघडा. एएक्स म्हणजे एनपीएन, बंद. एवाय म्हणजे पीएनपी, बंद. दुकानदार न विचारता बीएक्स देतो, कारण तोच सर्वांत जास्त खपतो. आपण एवाय मागायचा. दिसायला चारी सारखे, किंमतही जवळपास तीच.

या सेन्सरना ६ ते ३६ व्होल्ट लागतात. ५ व्होल्टवर दिवा लागतोही कधी कधी, पण त्यावर मशीन सोडू नका. आणि उलट चूक त्याहून महाग: २४ व्होल्टचा पीएनपी ५ व्होल्टच्या इनपुटला जोडला तर पहिल्याच वेळी तो इनपुट जातो. मी एक ब्रेकआउट बोर्ड (संगणकाला बाहेरच्या वायरी जोडणारा) असा घालवलाय. वास दोन दिवस पॅनलमध्ये होता.

५ की २४ या वादात आकडे बोलके आहेत. ५ व्होल्टच्या टीटीएल इनपुटला ०.८ च्या खाली 'नाही' आणि २ च्या वर 'हो' कळतं. स्पिंडलच्या व्हीएफडीशेजारून (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हशेजारून) गेलेल्या वायरीवर एक-दोन व्होल्टचा विजेचा आवाज (नॉइज) बसणं ही रोजची गोष्ट. २४ व्होल्टच्या औद्योगिक इनपुटला ५ च्या खाली 'नाही' आणि १५ च्या वर 'हो'. मधली दरी १० व्होल्टची. शिवाय यांत्रिक स्विचच्या संपर्कावर बारीक गंज चढतो, तो फोडायला २४ व्होल्ट आणि काही मिलीअँपिअर उपयोगी पडतात, ५ व्होल्टचा अशक्त प्रवाह नाही पडत. म्हणून वायरी २४ वर चालवा आणि बोर्डापाशी ऑप्टोकपलरने खाली उतरवा. ऑप्टोमध्ये एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला प्रकाश पाहणारा ट्रान्झिस्टर, मध्ये तांब्याची तार नाही. फक्त त्या दिव्याच्या बाजूला संगणकाचेच ५ व्होल्ट देऊ नका. मग मध्ये भिंत बांधून दार उघडं ठेवल्यासारखं होतं.

मालिका कुठे चालते, कुठे नाही

संगणकाच्या जुन्या पॅरलल पोर्टवर मशीन चालवणाऱ्यांना इनपुटची टंचाई माहीत आहे. फक्त पाच: १०, ११, १२, १३ आणि १५ नंबरच्या पिना. इमर्जन्सीला एक, टूल प्रोबला एक, तीन होमला तीन, संपले. सहा लिमिट कुठे जोडणार?

यांत्रिक, नॉर्मली क्लोज्ड स्विच असतील तर उत्तर सोपं: सहाही एका माळेत. प्लस २४ निघतो, एकेका स्विचमधून फिरून शेवटी एका इनपुटला येतो. कुठलाही उघडला, कुठेही वायर तुटली, माळ तुटली. तोटा एवढाच की कोणता दाबला गेला हे पडद्यावर दिसत नाही, पण दबलेला लिमिट शोधायला डोळे पुरतात. होमचे तिन्हीही एका पिनेवर चालतात, कारण होमिंग एकेका अॅक्सिसचं होतं. अट एकच: प्रत्येक अॅक्सिसने होम झाल्यावर स्विचवरून थोडं मागे हटून उभं राहायचं, नाहीतर पुढच्याला रस्ता बंद दिसतो.

तीन वायरींचे प्रॉक्झी माळेत ओवायला गेलं की गणित बिघडतं. प्रत्येक सेन्सर दीड-दोन व्होल्ट खातो. सहा ओवले तर २४ मधले १२ व्होल्ट वाटेतच गेले. इनपुटला 'हो' म्हणायला १५ लागतात, त्याला मिळाले १२. त्यात पहिला सेन्सर उघडून पुन्हा बंद झाला की पुढच्यांना नव्याने जागं व्हायला क्षणभर लागतो. समांतर जोडू म्हटलं तर नॉर्मली क्लोज्डमध्ये ते जमतच नाही, कारण एक उघडला तरी बाकीचे पाच 'ठीक आहे' ओरडत राहतात. प्रॉक्झी वापरायचे तर प्रत्येकाला स्वतःचा इनपुट द्या. इनपुट कमी असतील तर लिमिटला यांत्रिक स्विच आणि होमला प्रॉक्झी, ही वाटणी माझ्या मते रेट्रोफिटसाठी सगळ्यांत समंजस आहे. यांत्रिक स्विच घेताना त्यावर वर्तुळात बाण असलेली खूण पाहा. ती असली की संपर्क स्प्रिंगच्या भरवशावर उघडत नाही, डॉगच्या धक्क्याने सक्तीने उघडतो. आत चिकटलेला असला तरीही.

वेगवेगळे इनपुट दिलेत तर प्लस आणि मायनसची एक गंमत लक्षात ठेवा. मिलवर एक्स प्लस म्हणजे टूल कामाच्या उजवीकडे जाणं. टूल जागेवरच असतं, म्हणून टेबल डावीकडे जातं. डावीकडचा स्विच पाहून 'हा मायनस' असं लिहिणारे पुष्कळ. मग टेबल प्लसच्या टोकाला अडकतं, कंट्रोलरला वाटतं मायनसला अडकलंय, आणि तो सौजन्याने प्लसला जायची परवानगी देतो.

लिमिट थेट इमर्जन्सीच्या साखळीत घालून ड्राइव्हचा एनेबलच (चालू राहण्याचा सिग्नल) काढायचा का? मोठ्या मशीनवर हो, सॉफ्टवेअर अडकलं तरी टेबल थांबतं. पण दोन गोष्टींची सोय आधी करा. लिमिटवर अडकलेल्या मशीनला बाहेर काढायला चावीचं ओव्हरराइड लागतं, दाबून धरलं तरच चालणारं. आणि झेड उभा असेल तर ड्राइव्ह सुटल्यावर डोकं खाली बसतं. मोटारीला ब्रेक नसेल तर तुमची सुरक्षा साखळीच कटर जॉबमध्ये घुसवेल.

बरोबर ५ मिलीमीटर

एका मशीनवर महिनाभर डोकं खाल्लेली तक्रार सांगतो. आठवड्यातून एखाद्या दिवशी सगळी भोकं एक्समध्ये सरकायची. सरकायची ती नेहमी बरोबर ५ मिमी. दहा मायक्रॉन इकडेतिकडे नाही. ऑपरेटरने ऑफसेट चुकीचा भरला असणार, असा सगळ्यांचा समज. त्या बिचाऱ्याने दोनदा बोलणी खाल्ली.

५ मिमी हा बॉलस्क्रूचा पिच आहे हे डोक्यात यायला उशीर झाला. सर्वोवर होम घेताना स्विचवर एकट्यावर विसंबत नाहीत. एन्कोडर प्रत्येक फेऱ्यात एकदा इंडेक्स पल्स देतो, तो फार नेमका असतो. पण फेरा कितवा हे त्याला माहीत नसतं. स्विच सांगतो 'या फेऱ्यात', इंडेक्स सांगतो 'या फेऱ्यात नेमकं इथे'. पत्त्यात गल्ली स्विचने सांगायची आणि घर नंबर इंडेक्सने. आता स्विच सुटण्याची जागा आणि इंडेक्सची जागा योगायोगाने एकाच ठिकाणी आली असेल, तर रोज जुगार. स्विच केसभर आधी सुटला तर हा इंडेक्स सापडला, केसभर उशिरा सुटला तर तो हुकला आणि पुढचा सापडला, बरोबर एक पिच पलीकडे. सेन्सरच्या तोंडावर चार चिप्स चिकटल्या तरी एवढा फरक पडतो.

उपाय दहा मिनिटांचा. स्विच सुटल्यापासून इंडेक्स येईपर्यंत टेबल किती सरकतं ते पडद्यावर पाहा. ५ मिमी पिचला ते दोन ते तीन मिमीच्या दरम्यान यायला हवं, म्हणजे साधारण अर्धा फेरा. शून्याजवळ किंवा पाचाजवळ येत असेल तर डॉग अडीच मिमी सरकवून पुन्हा आवळा. स्टेपर मोटारीवर इंडेक्स नसतो, तिथे सगळी भिस्त स्विचवरच. मग होमिंग दोन टप्प्यांत घ्या: वेगाने शोधायचं, मागे यायचं, आणि सेकंदाला एखाद मिलीमीटरच्या वेगाने नेहमी एकाच दिशेने कड पकडायची. प्रॉक्झी लागण्याची आणि सुटण्याची जागा वेगळी असते, बॉलस्क्रूलाही थोडा खेळ असतो. दिशा एकच ठेवली की दोन्ही चुका रोज सारख्याच राहतात. पहिला झेड वर न्या, मग एक्स-वाय.

डॉग लोखंडाचाच करा. त्या ४ मिमीच्या सेन्सरला अॅल्युमिनियम साधारण दीड मिमीवरूनच दिसतं. आणि डॉग सेन्सरच्या तोंडावर सरळ चालून जाईल असा बसवू नका, समोरून आडवा सरकू द्या. सरळ आलेला डॉग एक ना एक दिवस सेन्सरचा चेंदा करतो. तोंड वर करून बसवलेला सेन्सर म्हणजे चिप्ससाठी ठेवलेली ताटली. ज्याचं निळं तोंड धातूच्या बाहेर आलेलं असतं तो सेन्सर लोखंडी पट्टीत पूर्ण बुडवून बसवला तर त्याला भोवतालचं लोखंडच दिसत राहतं.

भुताटकी

सगळं बरोबर जोडूनही अधूनमधून लिमिटचा अलार्म येतो आणि स्विच तर मोकळाच असतो. याला शेडमध्ये भुताटकी म्हणतात. भूत कधी येतं त्यावरून त्याचा पत्ता लागतो. स्पिंडल सुरू होताना येत असेल तर व्हीएफडीचा आवाज. कूलंट पंप बंद होताना येत असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा झटका. टेबल एका ठरावीक जागी आल्यावरच येत असेल तर ड्रॅग चेनमध्ये अर्धी तुटलेली वायर. कूलंट तासभर चालल्यावर येत असेल तर ग्लँडमधून (केबल शिरते त्या बुचातून) पाणी शिरलंय.

आवाजाचं औषध आधी वाटेत, मग बोर्डावर. सिग्नलची केबल जाळीची घ्या, जाळी पॅनलच्या टोकालाच अर्थ करा, मशीनच्या टोकाला मोकळी ठेवून टेप मारा. मोटारीच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. डीसी रिले आणि सोलेनॉइडच्या कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७ पुरतो, पट्टा प्लसकडे. एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर. एवढ्याने बहुतेक भुतं जातात.

राहिलंच तर सॉफ्टवेअरचा डिबाउन्स, म्हणजे क्षणभराच्या बदलाकडे दुर्लक्ष करणारा फिल्टर, पण जपून. एक मिलीसेकंदाचा फिल्टर लावला तर १०० मिमी प्रति सेकंद वेगाने टेबल तेवढ्यात ०.१ मिमी जातं, काही बिघडत नाही. कंटाळून २० केले की २ मिमी गेले, ते थांबण्याच्या अंतरात धरावे लागतात. फिल्टर वाढवत नेऊन अलार्म बंद केलेली मशीन मी पाहिली आहेत. अलार्म बंद झाला होता हे खरं.

पाण्यासाठी एक फुकटचा उपाय: केबल स्विचमध्ये खालून शिरू द्या, किंवा शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पागोळी जशी पत्र्याच्या टोकाला गळून पडते तसं कूलंट झोळाच्या तळाशी गळतं, ग्लँडमध्ये जात नाही.

सोमवारच्या आधी

ड्राइव्हची पॉवर बंद ठेवून फक्त कंट्रोल सुरू करा. प्रत्येक स्विच हाताने दाबा आणि पडद्यावर योग्य नावाचा इनपुट बदलतोय का पाहा. इथपर्यंत सगळेच करतात. पुढचं करा: प्रत्येक स्विचची सिग्नल वायर टर्मिनलमधून काढा. अलार्म आला पाहिजे. परत लावा, सेन्सरची तपकिरी काढा. अलार्म आला पाहिजे. मग निळी. मग प्लस २४ चा फ्यूज काढा. एखाद्या वेळी पडदा शांत राहिला तर तो स्विच अजून जोडलेलाच नाही असं समजा. निळी काढल्यावर काही सेन्सर उरलेल्या वायरींतून गळक्या प्रवाहावर अर्धवट चालू राहतात. तसं दिसलं तर तो सेन्सर त्या इनपुटला बरोबर नाही.

मग ड्राइव्ह चालू करून ५ टक्के वेगाने होम घ्या, एक हात इमर्जन्सीवर. दहा वेळा घ्या, दर वेळी डायल इंडिकेटर वाचा. लिमिटवर मुद्दाम जाऊन धडका, आधी हळू, मग रॅपिडने, आणि थांबल्यावर अटकावापर्यंत किती जागा उरली ते फिलर गेजने नाही तर साध्या पट्टीने मोजा. छोट्या मशीनचं कंट्रोल सॉफ्टवेअर जीआरबीएल असेल तर हार्ड लिमिटनंतर ते पुन्हा होम घ्यायला सांगतं. कटकट वाटेल, पण अचानक थांबलेल्या स्टेपरने पावलं गाळलेली असू शकतात.

शेवटी सगळं एका कागदावर लिहा: वायर नंबर, कोणता स्विच कोणत्या इनपुटला, सेन्सर आणि डॉगमधली फट, स्विचपासून इंडेक्सचं अंतर, होम ऑफसेट. पॅनलच्या दाराला आतून चिकटवा. पेन्सिलने लिहा. कूलंटच्या वाफेत बॉलपेनची शाई दोन पावसाळ्यांत उतरते.